मागच्या बाजूनं

नौबादच्या आमच्या कॉलनीला नवं नाव मिळालं, त्या दिवशी मी हसून हसून बेजार झालो. आधी तिला सगळे नुसतं 'बोर्डाची घरं' म्हणायचे. बीदरच्या बसस्टँडवर रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. आता कमानीवर सोनेरी अक्षरांत 'वसुंधरा हाइट्स' लिहिलंय, आणि रिक्षावाला डोकं खाजवत विचारतो, "वो किधर है, अण्णा?" मग मी म्हणतो, "पुराने बोर्ड के घरां." तो म्हणतो, "ऐसा बोलो ना!"

नाव मोठं झालं तरी माणसं तीच. मी अच्युतराव, पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून. दिवसभर खुर्चीत बसून राहण्याची सवय मला खात्यानंच लावली, त्यामुळे निवृत्तीचा मला काडीचाही त्रास झाला नाही. त्रास झाला तो आमच्या नलिनीबाईंना. जन्मभर त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळा सुटली तरी आवाज वर्गातलाच राहिला, आणि त्या वर्गात आता मी एकटाच विद्यार्थी.

जुनी घरं हाउसिंग बोर्डानं कमी पगारवाल्यांसाठी बांधलेली होती. दोन खोल्या, वर स्लॅब, मागं मोरी आणि वीतभर परस. शेवटी शेवटी स्लॅबचे पोपडे आमटीत पडायला लागले. ती घरं पाडून तिथं मजले चढवले, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जुन्या घरांच्या आठवणीनं जे गळा काढतात, त्यांना पावसाळ्यात एकदा त्या मोरीत अंघोळ करायला लावावं, म्हणजे गळा आपोआप बसेल. नव्या घरात नळाला पाणी येतं, भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागत नाही. लिफ्टसुद्धा आहे. ती चालत नाही, पण आहे.

गोची झाली ती चिठ्ठ्यांनी. घरं वाटताना सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका घागरीत टाकल्या आणि वर्षानुवर्षं एका रांगेत राहिलेली माणसं पत्त्यांसारखी पिसून निघाली. आम्हाला ए ब्लॉकमधला दुसरा मजला लागला. बाणूबाईला डी ब्लॉकमधला पहिला. मध्ये मैदान आहे. त्यात झाडं लावणार आहेत म्हणे. सध्या झाडांचे पिंजरे तेवढे लावलेत.

बाणूबाई म्हणजे आमच्या पाठच्या घरची. तिचा नवरा पिराप्पा मार्केट यार्डात हमाली करायचा, ती दालमिलमध्ये तूर निवडायला जायची. त्यांच्या वाडवडिलांची मेंढरं होती. ती गेली, पण पिराप्पाच्या खांद्यावरची घोंगडी काही गेली नाही. आमची दोन्ही घरं पाठीला पाठ लावून. आमचं पुढचं दार मारुतीच्या रस्त्यावर, त्यांचं पलीकडच्या बोळात. पुढून जायचं म्हटलं तर अख्ख्या रांगेला वळसा पडायचा. मागं मात्र दोन परसांच्या मध्ये कमरेइतकी भिंत होती, आणि दोन्ही बायकांचं सगळं राज्य त्या भिंतीवर चालायचं.

सकाळी कामावर जाण्याआधी बाणूबाई भिंतीपाशी येऊन हाक मारायची, "अक्का, ओ अक्का!" आणि मेथीची जुडी, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, जे असेल ते भिंतीवर ठेवायची. पिराप्पाच्या भावाचं औराद रस्त्याला शेत आहे, तिथून हे सगळं यायचं. नलिनीबाई मग ताकाचा तांब्या ठेवायच्या, नाहीतर आमटीची वाटी, सणावाराला पुरणपोळी. कच्चं तिकडून यायचं, शिजलेलं इकडून जायचं. उलटं कधी झालं नाही. का नाही झालं, ते कुणी कुणाला विचारलं नाही. असा नियम आहे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो मोडण्याचाही प्रश्न आला नाही.

बाकी मग दोघींचं काय सांगावं! बाणूबाईची सून बाळंत झाली तेव्हा डिंकाचे लाडू नलिनीबाईंनी केले. आमचा संकर्षण बारावीला घसरला तेव्हा नलिनीबाई भिंतीला टेकून रडल्या आणि बाणूबाईनं पलीकडून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या तक्रारीही तिथंच व्हायच्या. मी आत खुर्चीत बसून त्या ऐकायचो आणि ऐकू आलं नाही असं दाखवायचो. पिराप्पाच्या तक्रारी ऐकून मला जरा बरं वाटायचं.

आणि येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागातलं प्रत्येक माणूस शेतात जेवायला जातं, गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. ज्याला शेत नाही त्याला दुसरा बोलावतो. आम्हाला पिराप्पा न्यायचा. आदल्या दिवशी बाणूबाई भिंतीवर भज्जीचं सामान रचायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. वाटाणा, तूर, वाल, हरभरा, पालेभाज्या असं सगळं चिंचेच्या कोळात बेसन लावून शिजवायचं. सामान ठेवून ती आंबिलीसाठी ताक घेऊन जायची. आपापल्या घरी दोघी भज्जी करायच्या. दुसऱ्या दिवशी शेतात, कडब्याच्या कोपीपुढं, मांडीला मांडी लावून बसायच्या आणि आपापल्या डब्यातलं जेवायच्या.

दिवाळीच्या आधी आम्ही नव्या घरात आलो आणि हे सगळं एकदम थांबलं.

पहिले काही दिवस नलिनीबाई वाट बघत होत्या. रोज सकाळी ताक व्हायचं, तांब्या भरायचा, आणि दुपारी ते ताक माझ्या पोटात जायचं. मला सर्दी झाली.

"एकदा तरी आली का हो ती?" एका सकाळी त्यांनी तांब्या माझ्यापुढं आपटला.

"कामात असेल."

"मला कधी काम न्हवतं का? सगळं नवंकोरं मिळालं, आता अक्का कशाला लागायलीय!"

"मग तू जाऊन ये. मैदान तर ओलांडायचंय."

"मी कामून जाऊ? ती येते, मी ताक देते. असंच आहे ना आमचं? ती विसरली तर मी काय तिच्या दारात जाऊन आठवण करून देऊ?"

या बाबतीत पिराप्पा कामाला आला असता, पण तो तुरीच्या राखणीला भावाच्या शेतात जाऊन बसला होता. येळवस झाल्याशिवाय हलायचा नाही. त्यांच्या घरातला फोन सून रूपाकडे असायचा, आणि रूपा दिवसभर कापडाच्या दुकानात. मी आपणहून डी ब्लॉकमध्ये जाऊन चौकशी करावी, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण लिफ्ट बंद होती.

त्यात भर म्हणून आमच्या पुढच्या गॅलरीतून डी ब्लॉकची गॅलरी सरळ दिसते. नलिनीबाई माझा लांबचा चष्मा लावून तिथं उभ्या राहायच्या. दुपारी मिलमधून आली की बाणूबाई चार नव्या बायका जमवून गॅलरीत बसायची. चिठ्ठीत नवीन लागलेली मंडळी, कुणी आळंदची, कुणी भालकीची. मध्ये सूप, भोवती बायका, शेंगा सोलणं चालू.

"बघा, बघा, कशी हसायलीय!" नलिनीबाई म्हणायच्या.

"हसणं काय गुन्हा आहे का?"

"ती आळंदची कोण आहे हो, हिरव्या लुगड्यातली? तिच्या मांडीवर हात ठेवून हसायलीय."

आता यावर नवऱ्यानं काय बोलावं! मी चष्मा परत मागितला. तो दिला नाही.

याच सुमाराला आमच्या ब्लॉकच्या मागं देवी निघाली. म्हणजे काय, तर पाण्याच्या टाकीला लागून पंपहाउस आहे, त्याच्या बुटक्या कट्ट्यावर एके दिवशी हळद-कुंकू दिसलं. मग कुणी तरी एक दगड आणून ठेवला. मग नारळ फुटला. पाण्याजवळची देवी आहे, कडक आहे, अशी बातमी जिन्यातून वर आली. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर 'विनापरवाना बांधकाम' असा निरोप टाकणाऱ्या प्रशांतकुमारनं दुसऱ्या दिवशी स्वतः उदबत्ती लावली. नलिनीबाई संध्याकाळी फिरून येताना तिथं नमस्कार करायला लागल्या. काय मागायच्या ते मला सांगितलं नाही, पण डी ब्लॉककडं तोंड करून मागायच्या.

आमच्या स्वयंपाकघराची बाल्कनी नेमकी त्या पंपहाउसच्या वर. पण कबुतरांनी इतका उच्छाद मांडला की आम्ही पहिल्याच आठवड्यात तिला जाळी मारून, वर हिरवं कापड लावून ती बंद करून टाकली. त्यामुळे देवीचं दर्शन घ्यायचं तर खाली उतरावं लागायचं.

मग मैत्रेयी आली. कुठल्या तरी कॉलेजची मुलगी, हातात टॅब, पायात पांढरे बूट. वस्ती नव्यानं बांधल्यावर माणसांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांचं काय होतं, यावर तिचा अभ्यास चालला होता. मी म्हटलं, बाई, तू अगदी योग्य घरी आलीस.

"जुन्या घरी शेजाऱ्यांचं तुमच्याकडं येणं-जाणं होतं का?" तिनं विचारलं.

"येणं-जाणं?" नलिनीबाई ताठ झाल्या. "रोजचं! पाठची बाणूबाई आणि मी, एक दिवस चुकला नाही."

"म्हणजे त्या रोज तुमच्या घरी यायच्या?"

"भिंतीपाशी यायची."

"आणि तुम्ही त्यांच्या घरी साधारण किती वेळा जायचात?"

प्रश्न साधा होता. नलिनीबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच मिटली. मग त्या एकदम उसळल्या. "अहो, भिंत एक होती आमची! तिथं कोण कुणाच्या घरी गेलं, हे मोजायचं असतं का? तुमच्या कॉलेजात हेच शिकवायलेत का?"

मुलगी बिचारी घाबरली. मी तिला ताक दिलं. तेवढंच एक ताक कमी झालं.

त्याच रात्री जेवताना बेंगळुरूहून संकर्षणचा फोन आला. तो दर आठवड्याला म्हणतो, इकडं या. आम्ही दर आठवड्याला म्हणतो, बघू. त्या दिवशी नलिनीबाई म्हणाल्या, "येतो. संक्रांत झाली की येतो. घर भाड्यानं देऊन टाकू."

माझा घास हातातच राहिला. संकर्षणचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. तिथं गेलो की मी खिडकीकडं पाठ करून बसतो. शेजारी कोण राहतं ते संकर्षणलाही माहीत नाही. तिथं मला खुर्ची मिळेल, मऊ मिळेल, पण संध्याकाळी चहाच्या हॉटेलात माझ्याशी राजकारणावरून भांडायला पिराप्पा कुठून आणायचा?

"अगं, असं एकदम..." मी म्हटलं.

"इथं आपलं आहे कोण?" त्या म्हणाल्या. शाळेतला आवाज नव्हता. अगदी बारीक आवाज होता. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचा नळ कोरडा पडला. मोटर का बंद पडली ते विचारायला मी मागं पंपहाउसवर गेलो. वॉचमन कल्लप्पा तिथं मोटरीचं झाकण उघडून बसला होता. हा अफजलपूरकडचा, कॉलनी नवी झाल्यावर आलेला, भला माणूस. मला बघून उठला आणि देवीच्या कट्ट्याकडं हात करून म्हणाला, "घ्या अण्णा, प्रसाद घ्या. आज देवीला लई आलंय. मला एकट्याला संपायचं न्हाई."

कट्ट्यावर ढीग होता. वाटाण्याच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, वाल, हरभऱ्याचे ढाळे, मेथी, चाकवत, आणि बाजूला पानात बांधलेला चिंचेचा गोळा. मी बघतच राहिलो. हा ढीग मला पाठ होता. दर वर्षी याच दिवशी तो आमच्या भिंतीवर असायचा, चिंचेच्या गोळ्यासकट.

"हे कोण ठेवतं रे?" मी विचारलं.

"एक बाई येतात, अण्णा. वयस्क हायेत. सकाळी मी मोटर चालू केली की येतात. हिथं कट्ट्यापाशी उभारतात, वर बघतात, काय तरी म्हणतात. मोटरीच्या आवाजात मला काय ऐकू येत न्हाई. भाजी ठेवतात, थोडा येळ थांबतात, पुन्ना वर बघतात, मग जातात. पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, पाण्याजवळची देवी असंल. आमच्याकडं असते की! म्हणून मी कुंकू लावलं."

"आणि भाजी?"

"देवी काय खाती व्हय? सुकून जाती म्हणून मी नेतो." तो जरा लाजला. "माझी बायको म्हणते, या कॉलनीची देवी लई चांगली हाय. दिवाळीपासून आम्ही भाजी इकत घेतली न्हाई."

मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर आमची बाल्कनी, तिची जाळी, तिचं हिरवं कापड.

आयुष्यात पहिल्यांदा मी दोन मजले न थांबता चढलो. नलिनीबाई डाळ निवडत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाणूबाई दिवाळीपासून येतेय. मागून येतेय. तुला मोटरीच्या आवाजात ऐकू येत नाही, ती भाजी ठेवून जाते, कल्लप्पा घरी नेऊन खातो, आणि तू रोज संध्याकाळी जिला नमस्कार करतेस ती देवी म्हणजे तुझी बाणूबाईच.

नलिनीबाई आधी माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता डाळीचं ताट कलंडलं, डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात. मीही हसलो. किती तरी दिवसांनी आमच्या घरात असं हसणं झालं.

"अगो बाई! म्हणजे ती भाजी ठेवायलीय, दुसऱ्या दिवशी बघते तर भाजी नाही, म्हणजे तिला वाटत असणार अक्कानं नेली. आणि मी ताक द्यायचं सोडा, ओ सुद्धा द्यायले नाही! काय म्हणत असेल ती मला!" त्यांनी डोळे पुसले. "पण येडी आहे का ही? मागं कामून गेली? जिना पुढं आहे की!"

मी कलंडलेलं ताट सरळ केलं.

"अहो, पुढून यायचं, घंटी वाजवायची. एवढं मोठं दार आहे. मागं जाऊन भिंतीखाली..." त्या बोलता बोलता थांबल्या. "तुम्ही गप्प कामून बसलाव?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणा की."

"ती आपल्या पुढच्या दारानं कधी आली होती का?" मी म्हटलं.

नलिनीबाई जमिनीवरची डाळ गोळा करायला लागल्या. एकेक दाणा.

"लांब पडायचं म्हणून," त्या म्हणाल्या. "वळसा होता ना मोठा."

"व्हय. वळसा होता."

"लग्नाला आली होती की संकर्षणच्या."

"ते कार्यालयात होतं."

डाळ ताटात भरून झाली. तरी त्या बसूनच होत्या. मग म्हणाल्या, "तिच्या घरात देव्हारा कुठल्या कोपऱ्यात होता, तेसुद्धा मला माहीत नाही हो. ती पोरगी विचारायली होती, मी तिच्यावरच ओरडले." आणि थोड्या वेळानं, "तिनं तरी एकदा यायचं की पुढून! मी काय तिला हाकलून दिलं असतं?" हे त्या मला विचारत नव्हत्या.

दुपार कलल्यावर त्यांनी ताक केलं. दुधाच्या बरणीत भरलं, वर फडकं बांधलं. ट्रंकेतलं इरकल काढून नेसल्या. मी म्हटलं, "भज्जीचं सामान खाली कट्ट्यावर आहे, घेऊन येऊ का? कल्लप्पानं अजून हात लावलेला नाही."

"राहू दे त्याला. त्याच्या घरीही उद्या येळवस आहे."

"मग आपली भज्जी?"

"तुम्ही चपला घाला."

मैदान ओलांडायला आम्हाला फार वेळ लागला नाही. पण डी ब्लॉकच्या पहिल्या मजल्यावर, बाणूबाईच्या दारापुढं, नलिनीबाई घंटीवर बोट ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या. हजारो पोरांना छड्या मारलेली बाई, पण तिला घंटी दाबवेना. शेवटी मी माझं बोट त्यांच्या बोटावर ठेवून दाबलं. आत चिमण्यांचा किलबिलाट झाला.

दार बाणूबाईनंच उघडलं. कोपरापर्यंत बेसन, कपाळावर घाम. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं वो अण्णा? कोन गेलं?"

तिच्या दारात नलिनीबाई उभ्या आहेत, म्हणजे कुणी तरी मेल्याशिवाय हे व्हायचं नाही, असंच तिला वाटलं. तिचं काही चुकलं नाही.

"कुणी गेलं नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "ताक आणलंय. आंबिलीला."

"अवो, तुमी कशाला जिना चढलाव? मी आले असते की मागनं."

"मागनं ऐकू येत नाही, बाणू. मोटर असते. आणि तुझी सगळी भाजी त्या वॉचमननं खाल्ली."

मग दारातच सगळा खुलासा झाला. देवीचं ऐकून बाणूबाईनं कपाळावर हात मारून घेतला, तो बेसनाचा हात, त्यामुळे ती खरोखरच देवीसारखी दिसायला लागली. दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या. पण हसणं ओसरलं तशी बाणूबाई म्हणाली, "मला वाटलं, अक्काला राग आलाय. भाजी घेतात आन आवाज देत न्हाईत. रोज म्हनायचे, उद्या जायचंच न्हाई. आन रोज जायचे." आणि तिनं बेसनाच्या हातानंच डोळे पुसले.

"मला वाटलं, तू विसरलीस," नलिनीबाई म्हणाल्या. "मी बेंगळुरूला जायला निघाले होते."

"कायमच्या?"

"व्हय."

"मग मी काय करू हो हिथं?" बाणूबाई म्हणाली.

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीवरच्या मीटरच्या पेट्या वाचत उभा राहिलो. अशा वेळी पुरुषांनी काही तरी वाचावं.

आत गेल्यावर बाणूबाईची तारांबळ उडाली. अक्काला कुठं बसवावं तेच तिला समजेना. प्लास्टिकची खुर्ची पुसली, मग ती नको म्हणून पलंगावरची चादर झटकली. तोवर नलिनीबाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. गॅसवर मोठ्या पातेल्यात भज्जी रटरटत होती. घरभर चिंचेचा आणि लसणाचा वास.

बाणूबाईनं टोपलीतल्या उरलेल्या शेंगा भराभरा पिशवीत भरायला घेतल्या. "घ्या अक्का, एवढ्यानं भागंल. दिवस मावळायलाय, घरी जाऊन कवा करणार तुमी भज्जी?"

"ही झालीय की," नलिनीबाई म्हणाल्या.

"ही माजी हाय."

"तीच वाढ."

बाणूबाईचा हात पिशवीतच राहिला. तिनं नलिनीबाईंकडं बघितलं, मग दारातून माझ्याकडं बघितलं, जणू घरातल्या मोठ्या माणसानं काही तरी बोलावं. मग ती उठली आणि लगबगीनं बाहेरच्या दाराकडं निघाली. जिन्यानं बायका वर-खाली करत होत्या. ती आळंदची, हिरव्या लुगड्यातली, समोरच्याच दारात उभी राहून इकडं बघत होती.

"कुठं चाललीस?" नलिनीबाईंनी विचारलं.

"दार लावते, अक्का. कुनी बघितलं, तुमच्या मानसांत सांगितलं, तर उगं तुमाला..."

"उघडं राहू दे."

"अक्का, पर..."

"उघडं राहू दे म्हटलं ना!" हा मात्र शाळेतला आवाज होता. पार तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. बाणूबाई जागच्या जागी थांबली. समोरची आळंदची बाई दचकून आत गेली आणि लगेच पुन्हा बाहेर आली.

बाणूबाईनं ताट घेतलं. ते धुतलेलं होतं, तरी पुन्हा धुतलं, पदरानं पुसलं. भज्जी वाढली, बाजूला कडक भाकरी ठेवली. वाढता वाढता थोडी भज्जी फरशीवर सांडली. नलिनीबाईंनी भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. बाणूबाई पुढं उकिडवी बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"मीठ कमी आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"व्हय का?" बाणूबाई हसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "किती वरसं मनात हुतं वो अक्का. येकदा तरी माज्या हातचं तुमाला घालावं."

"मग कधी म्हणाली कामून नाहीस?"

"भिंतीवरनं कसं म्हनायचं?"

नलिनीबाईंनी ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, "अजून वाढ."